पत्र लिहिणारा घाबरलेला नसतो : इंग्रजीतल्या ‘अफ्रेड दॅट’ची गोष्ट

बेळगावात शहापूरला माझी संध्याकाळची शिकवणी चालते. दहावी-अकरावीची मुलं येतात आणि ती गेल्यावर त्यांचे आईवडील कागद घेऊन येतात. गेल्या पावसाळ्यात मागच्या गल्लीतले एक यंत्रमागवाले आले. दोन मागांचे चार करायचे म्हणून त्यांनी एके ठिकाणी कर्जाचा अर्ज घातला होता. उत्तर इंग्रजीत आलं होतं. "काय म्हणून लिहिलंय बघा की सर," ते म्हणाले. "मोबाइलवर एकेक शब्द काढून बघितला. ‘अफ्रेड’ म्हणजे घाबरलेला. आमच्या अर्जाला ते कशाला घाबरतील?"

वाक्य असं होतं : ‘वी आर अफ्रेड दॅट युअर अ‍ॅप्लिकेशन कॅनॉट बी कन्सिडर्ड अ‍ॅट धिस स्टेज.’ म्हणजे तुमचा अर्ज सध्या विचारात घेता येत नाही. नकार होता तो, फक्त मऊ शब्दांत. पण आपल्या कर्जफेडीची कुणाला तरी भीती वाटते आहे, ती घालवली की काम होईल, असं समजून या गृहस्थांनी तीन आठवडे दोन जामीनदारांच्या घरी खेटे घातले होते. एका शब्दापायी.

आपल्याकडे, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात, मराठी घरात सरकारी-निमसरकारी कागद येतो तो बहुतेक कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत. कन्नड कागद कळला नाही तर आपण शेजाऱ्याला विचारतो. इंग्रजी कागदाचं मात्र वेगळं होतं. शाळेत शिकलेलं असतं, हातात शब्दकोश असतो, एकेक शब्द लागत जातो आणि तरीही वाक्याचा अर्थ निसटतो. निसटण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. त्यातली एक, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित, म्हणजे विशेषणानंतर येणारा ‘दॅट’.

वाक्याच्या पोटात वाक्य

व्याकरणातले दोनच शब्द लागतील. विशेषण म्हणजे गुण किंवा स्थिती सांगणारा शब्द : चांगला, खरा, अवघड, ग्लॅड, शुअर, क्लिअर. आणि गौण वाक्य म्हणजे दुसऱ्या वाक्याच्या आधाराने उभं राहणारं वाक्य. ‘मला माहीत आहे की तो येणार’ यात ‘तो येणार’ हे गौण वाक्य.

‘आय अ‍ॅम ग्लॅड दॅट यू केम.’ यात ‘यू केम’ हे स्वतःच्या कर्त्या-क्रियापदासह अख्खं वाक्य आहे. ते ‘ग्लॅड’ या विशेषणाला जोडलंय आणि जोडणारी कडी आहे ‘दॅट’. आनंद झाला, पण कशाचा? ते पुढचं वाक्य सांगतं.

इथे एक गैरसमज आधीच दूर करतो. ‘ही वॉज सो टायर्ड दॅट ही स्लेप्ट अ‍ॅट वन्स’ हे वाक्य दिसायला तसंच आहे, पण त्यातला ‘दॅट’ ‘सो’मुळे आलाय. आपल्या ‘इतका दमला की लगेच झोपला’मधल्या ‘इतका…की’ची ती जोडी. ‘सो’ काढा, पुढचं वाक्य कोसळतं. तो प्रकार आज बाजूला ठेवू.

माणसाला लागतं की गोष्टीला?

वर्गात मी पहिला प्रश्न विचारतो तो हाच. ‘ग्लॅड’ कोण असतं? माणूस. ‘ट्रू’ काय असतं? एखादी गोष्ट. माणसाला लागणारं विशेषण असेल तर वाक्य माणसापासून सुरू करायचं : ‘आय अ‍ॅम ग्लॅड दॅट…’, ‘शी इज प्राउड दॅट…’. गोष्टीला लागणारं असेल तर ‘इट’पासून : ‘इट इज ट्रू दॅट…’, ‘इट इज पॉसिबल दॅट…’.

हा ‘इट’ कोण, असं मुलं विचारतात. तो जागा धरणारा आहे. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसा. खरा प्रवासी म्हणजे ‘दॅट’नंतरचं वाक्य. ते लांबलचक असल्यामुळे मागून येतं. इंग्रजीत कर्त्याची जागा मोकळी ठेवता येत नाही, म्हणून तोवर ‘इट’चा रुमाल.

आपली मुलं चुकतात ती बरोबर इथेच. ‘आय अ‍ॅम पॉसिबल टू कम टुमारो’ हे वाक्य मी शेकडो वह्यांत तपासलंय. ‘पॉसिबल’ माणूस नसतो, गोष्ट असते. उलट बाजूने ‘इट इज शुअर दॅट ही विल कम’. ‘शुअर’ला माणूस लागतो, त्यामुळे प्रमाण इंग्रजीत हे चालत नाही, तिथे ‘इट इज सर्टन दॅट’ म्हणायचं. ‘सर्टन’ दोन्हीकडे चालतं, ‘क्लिअर’ही चालतं. ‘सरप्राइझ्ड’ आणि ‘सरप्रायझिंग’ तर एकाच घरातले दोन भाऊ आहेत आणि त्यांनी वाटणी करून घेतलीय : माणूस सरप्राइझ्ड, गोष्ट सरप्रायझिंग. ‘आय अ‍ॅम सरप्रायझिंग दॅट यू पास्ड’ असं लिहिणाऱ्या मुलाला हा फरक कळला की पुढे ‘बोअर्ड’ आणि ‘बोअरिंग’चा घोळ आपोआप थांबतो.

ही चूक आपल्याच पट्ट्यात एवढी पक्की का? माझं उत्तर असं. मराठीत भावना माणसाकडे येते. मला आनंद होतो, मला भीती वाटते, मला खात्री आहे. आनंद, भीती, खात्री ही नामं, आणि मी ‘मला’ होऊन बाजूला उभा. कन्नडमध्येही तसंच : ‘ननगे संतोष आगिदे’, शब्दशः मला संतोष झालाय. घरची भाषा आणि बाजारची भाषा, दोन्हींत माणूस ‘ला’ लावून बसलेला. इंग्रजी मात्र माणसालाच कर्ता करते आणि भावनेचं विशेषण त्याच्यावर चढवते. ‘मला खात्री आहे’चं ‘आय अ‍ॅम शुअर’ होताना वाक्याचा सांगाडाच फिरतो. नुसते शब्द बदलून भागत नाही, आणि मोबाइलवर एकेक शब्द काढून बघणाऱ्याची फसगत होते ती यामुळेच.

आपल्या बोलीत हे आधीपासून आहे

तरीही हा प्रकार आपल्याला परका नाही. ‘तू आलास ते बरं झालं.’ हे वाक्य नीट बघा. ‘तू आलास’ हे अख्खं वाक्य, त्याला ‘ते’ने गाठ मारलीय आणि ‘बरं’ या विशेषणाला बांधलंय. इंग्रजीत ‘इट इज गुड दॅट यू केम’. इंग्रजीतला जोडणारा ‘दॅट’ मुळात ‘ते’ या अर्थाचा दर्शक शब्दच होता. बोट दाखवता दाखवता तो कडी झाला. आपल्या ‘ते’नेही तेच काम पत्करलंय, फक्त तो गौण वाक्याच्या शेवटी उभा राहतो आणि ‘दॅट’ त्याच्या आरंभी.

बेळगावच्या मराठीत तर याहून सुंदर गोष्ट आहे. यंत्रमागवाले म्हणाले होते, "काय म्हणून लिहिलंय." पुण्याकडचा माणूस बहुधा ‘काय लिहिलंय’ म्हणून मोकळा होईल. आपण ‘येतो म्हणून सांगितलं’, ‘नाही म्हणून कळवलं’ असं सर्रास बोलतो. जुन्या मराठी व्याकरणात ‘की’, ‘म्हणजे’, ‘जे’ यांच्या पंगतीला ‘म्हणून’ही बसवलेलं आहे, स्वरूप सांगणारं अव्यय म्हणून. आणि शेजारच्या कन्नडमध्ये? ‘अवनु बरुत्ताने अंत गोत्तु’, म्हणजे तो येतो म्हणून माहीत आहे. ‘म्हणून’ आलं ‘म्हणणे’पासून आणि ‘अंत’ही म्हणण्याच्याच क्रियापदापासून आलेलं. दोन भाषा एका बाजारपेठेत शतकानुशतकं नांदल्या की असं होतं. आपल्या बोलण्याला ‘अशुद्ध’ म्हणून हिणवणाऱ्यांनी हे एकदा शांतपणे पाहावं. ‘की’ तरी कुठे आपला? तो फारसीतून आलेला आहे.

तेव्हा बेळगावच्या मुलाकडे वाक्याला वाक्य जोडायच्या चार कड्या आधीच असतात : की, ते, म्हणून आणि अंत. पाचवी ‘दॅट’. लक्षात ठेवायचं इतकंच की ती विशेषणानंतर आणि गौण वाक्याच्या आधी बसते.

लोंडा जंक्शन

आता मुख्य गोष्ट. बेळगावहून खानापूरमार्गे रेल्वेने लोंड्याला गेलात की तिथून एक मार्ग कॅसलरॉककडून गोव्याला उतरतो आणि एक हुबळीकडे जातो. स्टेशन तेच, पण कोणत्या रुळावर गाडी गेली यावर तुम्ही समुद्राजवळ पोहोचणार की पठारावर, ते ठरतं. इंग्रजी विशेषण हे असं जंक्शन आहे. त्याच्यापुढे ‘दॅट’ आला, ‘ऑफ’ आला की ‘टू’ आला, यावर अर्थ ठरतो.

‘अफ्रेड ऑफ डॉग्ज’ म्हणजे खरोखर कुत्र्यांना घाबरणारा. ‘अफ्रेड टू आस्क’ म्हणजे विचारायला कचरणारा. ‘आय अ‍ॅम अफ्रेड दॅट वी आर क्लोज्ड’ म्हणजे माफ करा, बंद झालंय. ‘अफ्रेड दॅट’मध्ये खरी भीतीही असू शकते, ‘शी वॉज अफ्रेड दॅट द रिव्हर वुड राइझ’ यात आहेच. पण पत्रात ‘आय’ किंवा ‘वी’ने सुरू होऊन पुढे अप्रिय बातमी आली की तो शिष्टाचार समजायचा.

‘शुअर’ बघा. ‘ही इज शुअर दॅट ही विल विन’ यात खात्री त्याची आहे. ‘ही इज शुअर टू विन’ यात खात्री बोलणाऱ्याची. त्या बिचाऱ्याला स्वतःबद्दल काही वाटत असेल-नसेल. निवडणुकीच्या बातम्या वाचताना हा फरक हटकून लागतो.

काही स्टेशनांवरून ‘दॅट’चा रूळ निघतच नाही. ‘इट इज डिफिकल्ट दॅट आय लर्न कन्नडा’ चालत नाही, ‘इट इज डिफिकल्ट फॉर मी टू लर्न’ म्हणावं लागतं. ‘ईझी’चंही तसंच. शिवाय दोन रूळ एकदम धरता येत नाहीत : ‘अवेअर ऑफ द प्रॉब्लेम’ बरोबर, ‘अवेअर दॅट देअर इज अ प्रॉब्लेम’ही बरोबर, पण ‘अवेअर ऑफ दॅट देअर इज’ चूक. ‘दॅट’ आला की ‘ऑफ’ गळतो.

आणि एक उदाहरण जे आपण सीमाभागातल्यांनी तरी जाणून घ्यायलाच हवं. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. तेव्हापासून भाषेचा विषय निघाला की राज्यघटनेच्या कलमांची नावं निघतात, त्यात कलम 347 असतं. राज्यातल्या लोकांच्या एखाद्या भाषेला त्या राज्याने मान्यता द्यावी, असा निर्देश राष्ट्रपती देऊ शकतात, असं ते कलम. त्याच्या इंग्रजी पाठातली अट अशी आहे : ‘इफ ही इज सॅटिसफाइड दॅट अ सब्स्टॅन्शियल प्रपोर्शन ऑफ द पॉप्युलेशन ऑफ अ स्टेट डिझायर…’

‘सॅटिसफाइड’ म्हणजे समाधानी, हे आपण सातवीत शिकतो. मग राष्ट्रपती समाधानी असतील तर? राष्ट्रपतींना बरं वाटलं तर? तसं मुळीच नाही. ‘सॅटिसफाइड विथ’ म्हणजे समाधानी. ‘सॅटिसफाइड दॅट’ म्हणजे खात्री पटलेला. लोकसंख्येच्या भरीव हिश्शाची अशी इच्छा आहे, याची खात्री पटली पाहिजे. मनाच्या प्रसन्नतेचा इथे संबंध नाही, पुराव्याचा आहे. कायद्याच्या इंग्रजीत हा प्रयोग पावलोपावली येतो, न्यायालयाच्या आदेशांत तर फारच. भाषेच्या मागणीचं निवेदन लिहिणाऱ्याने ‘समाधानी’ वाचलं तर तो विनवणी लिहील, ‘खात्री’ वाचलं तर आकडे जोडेल.

दॅट किती आणि कोणते

त्याच कलमात ‘दॅट’ हा शब्द पाच वेळा आलाय. ‘इन दॅट बिहाफ’, ‘बाय दॅट स्टेट’, ‘थ्रूआउट दॅट स्टेट’ या तीन जागी तो बोट दाखवणारा आहे : त्या बाबतीत, त्या राज्याकडून, त्या राज्यभर. ‘सॅटिसफाइड दॅट’ आणि ‘डिरेक्ट दॅट’ या दोन जागी तो कडी आहे. ओळखायचं कसं? त्याच्यापुढे नुसतं नाम असेल तर बोट, अख्खं वाक्य असेल तर कडी. कानालाही कळतं. बोट दाखवणारा ‘दॅट’ ठासून म्हणतात. कडी असलेला इतका हलका म्हणतात की ‘दट्’ एवढंच ऐकू येतं. इंग्रजी बातम्या ऐकताना आमच्या मुलांना वाक्याचा सांधा सापडत नाही, कारण ती ठसठशीत ‘दॅट’ची वाट पाहत बसतात आणि तो येऊन गेलेला असतो.

कबुली दडवणारी विशेषणं

हा भाग मी पालकांनाही बसवून शिकवतो.

‘आय अ‍ॅम नॉट शुअर दॅट ही केम.’ तो आला का? माहीत नाही. ‘आय अ‍ॅम नॉट ग्लॅड दॅट ही केम.’ तो आला का? आलाच. नकार फक्त आनंदाला लागला, येण्याला नाही. ‘ग्लॅड’, ‘सॉरी’, ‘प्राउड’, ‘अवेअर’ अशी काही विशेषणं पुढची गोष्ट घडलीच असं गृहीत धरतात. पुढे ‘नॉट’ लावा, प्रश्न करा, ते गृहीत हलत नाही. मराठीतही ‘तो आल्याचा मला आनंद नाही’ म्हटलं तरी आलेला माणूस दारात उभा असतोच.

आता समजा एखाद्या शेतकऱ्याला पत्र आलं : ‘वेअर यू अवेअर दॅट द वॉल हॅड बीन बिल्ट विदाउट परमिशन?’ भिंत परवानगीविना बांधली हे तुम्हाला माहीत होतं का? तो घाईने लिहितो, ‘नो, आय वॉज नॉट अवेअर दॅट द वॉल हॅड बीन बिल्ट विदाउट परमिशन.’ त्याला वाटतं आपण नाही म्हटलं. प्रत्यक्षात त्याने माहीत नव्हतं एवढंच म्हटलं. भिंत विनापरवाना होती हे मान्य करून टाकलं. परवानगी घेतलेली असेल तर उत्तर ‘अवेअर’ला न शिवता द्यायला हवं : ‘द वॉल वॉज बिल्ट विथ परमिशन’, आणि सोबत परवानगीची प्रत. अर्जाच्या तळाशी छापलेलं ‘आय अ‍ॅम अवेअर दॅट…’ सही करण्याआधी वाचायचं ते याच कारणाने. तिथे ‘दॅट’नंतर जे असेल ते तुम्ही मान्य केलेलं असतं.

‘पण लोक तर दॅट गाळतात’

बरोबर आहे. ‘आय अ‍ॅम शुअर ही विल कम’, ‘आय अ‍ॅम ग्लॅड यू केम’ असंच बोलतात आणि ते चूक नाही. नेहमीच्या छोट्या विशेषणांनंतर बोलण्यात ‘दॅट’ गळतो. पत्रात, अर्जात, उत्तरपत्रिकेत तो ठेवावा, विशेषतः विशेषण आणि गौण वाक्य यांच्यामध्ये आणखी शब्द घुसले असतील तेव्हा. वाचताना मात्र उलट सवय लावावी : ‘शुअर’, ‘अफ्रेड’, ‘सॉरी’ यांच्यापुढे लगेच नवा कर्ता दिसला की तिथे न लिहिलेला ‘दॅट’ आहे असं समजायचं.

‘सबमिट’ला ‘एस’ का नाही?

हा प्रश्न हुशार मुलीच विचारतात. ‘इट इज एसेन्शियल दॅट द अ‍ॅप्लिकंट सबमिट द ओरिजिनल सर्टिफिकेट.’ एकवचनी कर्ता, मग ‘सबमिट्स’ हवं ना? नको. ‘एसेन्शियल’, ‘नेसेसरी’, ‘इम्पॉर्टंट’ यांच्यापुढे काय व्हावं ते सांगायचं असेल तर क्रियापद मूळ रूपात राहतं. ब्रिटिश वळणात ‘शुड सबमिट’ म्हणतात. आपल्या ‘अर्जदाराने सादर करावे’मधलं ‘करावे’ आठवा. ‘करतो’ आणि ‘करावे’ यांत जो फरक, तोच ‘सबमिट्स’ आणि ‘सबमिट’मध्ये. छपाईची चूक समजून तो ‘एस’ पेनने जोडलेले अर्ज मी पाहिलेत.

‘मराठीचं भांडण सोडून इंग्रजी कशाला?’

हे मला तोंडावर विचारलं गेलंय, आणि विचारणाऱ्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. इथे मराठी कागद मिळावा म्हणून लोकांनी आयुष्यं घालवलीत. घटनेचं कलम 350 तर सांगतं की गाऱ्हाण्याचं निवेदन राज्यात किंवा संघराज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतं. ते द्यावंच, मराठीत द्यावं. पण हे कलम मागणी कोणत्या भाषेत करायची ते सांगतं. उत्तर कोणत्या भाषेत येईल ते नाही. सीमाप्रश्नावर महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, त्या न्यायालयाचं कामकाजही इंग्रजीतच चालतं. आपल्याबद्दल जे लिहिलं जातं ते आपल्याला नेमकं वाचता यावं, ही मागणी मराठीच्या मागणीच्या आड येत नाही. आणि ‘तू आलास ते बरं झालं’ यातला ‘ते’ माझ्या मुलांनी पहिल्यांदा नीट पाहिला, तो ‘दॅट’ शिकताना.

यंत्रमागवाल्यांना उत्तर लिहायचं होतं. ‘आय अ‍ॅम शुअर दॅट यू विल सँक्शन द लोन’ असं त्यांच्या मुलीने लिहून आणलं होतं. व्याकरण अगदी बरोबर. पण ‘शुअर’मध्ये त्यांचीच खात्री, तीही दुसऱ्याच्या निर्णयाबद्दल, वाचणाऱ्याला दडपण वाटलं असतं. मी ‘होपफुल दॅट’ सुचवलं. अर्ज पुन्हा केव्हा घालता येईल, हा प्रश्न त्याखाली वेगळ्या ओळीत लिहिला, कारण ‘अ‍ॅट धिस स्टेज’ या तीन शब्दांत अजून जागा शिल्लक होती. मुलीने पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. ‘दॅट’वर ती अडखळून जोरात थांबली, तशी मी तिला पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्या वेळी तो हलका निघाला.